जवमणी

गुजरीच्या मागल्या बोळात अण्णा
पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून बसतात.
पानडी, जवमणी, पानडी, जवमणी.
पोकळ पानांत लाख भरलेली, वर सोन्याचा पापुद्रा;
मोजतात ती बोटं.
डोळ्यांनी हे काम कधीच सोडलंय.

मी डिपार्टमेंटच्या उत्तरेकडच्या खोलीत
काचेवर जवाचं मूळ पसरते.
खरा जव, लक्ष्मीपुरीतून पाव किलो आणलेला,
ओल्या टिपकागदावर तीन रात्री निजलेला.
निळ्या रंगाचा एक थेंब,
वर काच, वर डोळा:
लांब पेशी, आखूड पेशी, लांब, आखूड.

मी खुर्चीत मागे टेकले.
ही सर मला पाळण्यातून ठाऊक होती.

पेशी दुभागते, पण मधोमध नाही,
एका अंगाला सरकून.
थोरलीच्या वाट्याला लांबी येते, आणि गप्प बसणं.
धाकटी आखूड राहते
आणि तिच्यातूनच केस फुटतो,
मातीच्या कणाकणांत शिरून
पाणी शोधत जाणारा.

आजऱ्याच्या घनसाळचं मात्र निराळं.
तिथं दोघी सारख्याच जन्मतात,
मापाला माप,
मग कधीतरी, कुठल्याशा इशाऱ्यावर,
एकीला केस फुटतो.
भात आणि जव, दोन्ही गवतंच.
कुणाच्या पणजीनं वाटणी बदलली?

एका रविवारी अण्णांना घेऊन गेले.
सूक्ष्मदर्शकावर वाकले, बराच वेळ वाकलेलेच.
"माज्या पापण्याच दिसालेत गं."
मी नळी जरा खाली घेतली.
मग त्यांचा अंगठा आपोआप हलला,
नसलेला दोरा ताणल्यासारखा.
"कुणी ओवलंय?"
कुणी नाही, अण्णा.
"मंग आदी कंचं? सारकं वाटलेलं, का उणं-अधिक?"

हाच प्रश्न माझ्या वहीच्या पहिल्या पानावर आहे,
जरा जड शब्दांत.
त्या पहिल्या गवताची मुळं कुजून गेली,
सर उरली नाही, दोरासुद्धा नाही.
म्हणून जे जिवंत आहेत त्यांनाच विचारत फिरते:
मसाईच्या पठारावरची कुसळी,
पन्हाळ्याच्या तटाच्या फटीतलं एक, ज्याचं नाव अजून लागलेलं नाही,
रंकाळ्याच्या काठचा लव्हाळा
(तो गवत नव्हे, हे घरी आल्यावर कळलं).
फांद्यांचं चित्र काढलंय, पेन्सिलीनं.
जिथं दोन मोठ्या फांद्या फुटतात
तिथं खोडून खोडून कागद पातळ झालाय.

परतताना केएमटीच्या बसमध्ये अण्णा म्हणाले,
"माजा आज्जा दोन जवमणी ओवायचा. पानडी, मग दोन.
बाबांच्या हातात एक झाला.
का, ते कुणी इचारलं न्हाई.
सोनं म्हागलं आसंल.
न्हाईतर कुणा बाईला तसंच बरं दिसलं आसंल."
दसरा चौकात बस थांबली, माणसं चढली.
आणि पुढे ते बोललेच नाहीत.

मी हे वहीत लिहिलं नाही.
लिहिण्यासारखा पुरावा नव्हता.

गेल्या गुरुवारी उंबरेकर वहिनींचा साज
डबीत घालताना पाहिलं:
सातव्या जागी दोन पानड्या लगोलग,
मधला जवमणी सुटलेला.
अण्णा दिव्याखाली दुसरी सर ओवत होते.
जवाच्या मुळावर मलाही असं दिसतं अधूनमधून,
दोन लांब शेजारी शेजारी,
आणि मूळ तसंच वाढत असतं.

डबी मी मिटली. परत उघडली.
गाठ सोडवायला नखं पुरेनात.

उंबऱ्याबाहेर गटाराच्या कडेला हरळी आलीय.
सकाळी उपटायला गेले तर
वरचं तेवढं हातात आलं.
खाली काहीतरी
माती धरून राहिलं.